छोट्या विमानाचं वजन आणि तोल: ग्राउंड क्लासमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला आमचा ग्राउंड क्लास आहे. इथे विमान नाही. एक फळा, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परीक्षांची पुस्तकं आणि दाराशी जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेला वजनकाटा, एवढाच आमचा संसार. मुलं कळवा, ऐरोली, डोंबिवली, पनवेलहून येतात, पेपर निघाले की धुळ्याला, गोंदियाला नाहीतर परदेशात फ्लाइंगला जातात आणि तिथून रात्री अकरा वाजता मेसेज टाकतात, "मॅडम, एक छोटा डाउट आहे." वजन आणि तोल या विषयावरचे डाउट इतके ठरलेले आहेत की शेवटी ते इथे लिहूनच काढले.

आकडे बहुतेक सेसना १७२एस या चार सीटच्या छोट्या विमानाच्या हँडबुकातले आहेत, पौंड-इंचातून किलो-सेंटिमीटरमध्ये फिरवून जवळच्या पूर्णांकात घेतलेले. शिकण्यापुरते ते ठीक आहेत. उडताना मात्र तुमच्या हातातल्या विमानाचे कागद उघडायचे.

विमानाला चार सीट आहेत. मग चार माणसं का बसवायची नाहीत?

कारण सीट म्हणजे फक्त बसायची जागा. उचलायची ताकद वेगळी मोजावी लागते. स्टेशनवरच्या शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी चौथा माणूस "बसतो" म्हणून रिक्षा चौघांसाठी बनवलेली आहे असं होत नाही, तसंच.

हिशोब करून बघा. १७२एसचं टेकऑफचं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं विमान साधारण ७६२ किलोचं धरू (प्रत्येक विमानाचं वेगळं असतं, त्याबद्दल पुढे). उरले ३९५. टाक्या भरल्या की वापरता येईल असं इंधन साधारण २०० लिटर. अ‍ॅवगॅसचं (विमानाच्या पेट्रोलचं) एक लिटर ०.७२ किलोचं, पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे इंधनाचे झाले १४४ किलो. उरले २५१. आता पंचाहत्तर-पंचाहत्तर किलोचे चार मित्र बसवा. ३०० झाले. एकही बॅग न ठेवता तुम्ही ४९ किलो वर गेलात.

भरलेल्या टाक्या, भरलेल्या सीटा आणि भरलेली डिकी हे तिन्ही एकदम बहुतेक छोट्या विमानांना झेपत नाही. बनवणाऱ्याने तुम्हाला निवड दिलेली असते: लांब जायचं, का माणसं न्यायची, का सामान. सगळं एकदम दिलेलं नाही.

आम्ही तर सेसना १५२ वर शिकतोय. दोनच सीट. तिथे काय जास्त होणार?

तिथेच जास्त होतं. कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान ५२० चं धरलं तर हातात २३७. नव्वद किलोचा विद्यार्थी आणि नव्वद किलोचे इन्स्ट्रक्टर बसले की उरले ५७ किलो, म्हणजे ७९ लिटर इंधन. टाकीत वापरण्याजोगं जवळपास ९३ लिटर मावतं. म्हणजे दोन तगडी माणसं असतील तर टाकी फुल करताच येत नाही. "फुल टँक" हा शब्द बाइकवाल्या पोरांच्या तोंडी इतका बसलाय की हे पहिल्यांदा ऐकून सगळे गप्प होतात.

दहा-वीस किलोंनी असा काय फरक पडतो?

एकट्या दहा किलोंनी विमान पडत नाही, हे खरं सांगून टाकते. पण ते दहा किलो एकटे कधी येत नाहीत. वैमानिकाने स्वतःचं वजन सात किलो कमी सांगितलेलं असतं, मित्राने पाच, बॅग "हलकीच आहे" असते आणि इंधन "थोडं जास्त असू दे" म्हणून घेतलेलं असतं. अंदाजपंचे दाहोदरसे असं चाललं की साठ-सत्तर किलो कधी चढले ते कळत नाही.

ब्रिटिश नागरी विमान वाहतूक प्राधिकरण छोट्या विमानांसाठी एक ठोकताळा शिकवतं: वजन १० टक्क्यांनी वाढलं तर टेकऑफला लागणारं अंतर २० टक्क्यांनी वाढतं, लँडिंगचं १० टक्क्यांनी. १७२ च्या बाबतीत १० टक्के म्हणजे साधारण ११६ किलो. दीड माणूस.

स्टॉलचा वेगही वाढतो. स्टॉल म्हणजे पंखावरची हवा सुटते आणि पंख उचलायचं सोडून देतो. हा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या हिशोबात वाढतो. वजन २० टक्के जास्त असेल तर जे विमान ५० नॉटला (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) स्टॉल व्हायचं ते ५५ च्या आसपासच होईल. तुमचा हात आणि डोळा मात्र ५० ला सरावलेले असतात. ही पाच नॉटची फसगत नेमकी टेकऑफनंतरच्या पहिल्या वळणावर होते. खाली तीनशे फूट असतात, पुढे झाडं.

तिसरी गोष्ट पंखाच्या मजबुतीची. नॉर्मल वर्गातलं (कसरती न करणारं) विमान अधिक ३.८ जीपर्यंतचा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ३.८ पट, भार सोसेल असं बनवलेलं असतं. तो हिशोब कमाल वजनावर केलेला. तुम्ही २० टक्के जास्त भरलेत की तुमच्यापुरता तो आकडा ३.२ च्या खाली येतो. साठ अंश कलून वळलात की २ जी तिथेच खर्च. त्यात मे महिन्यातल्या दुपारचे हिसके. पंख त्या दिवशी तुटणार नाही कदाचित, पण त्याच्या आत जे व्हायचं ते होतं आणि विमान दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळतं.

उन्हाळ्याचा आणि वजनाचा काय संबंध?

इंजिन, पंखा आणि पंख तिघंही हवेवर जगतात आणि तापलेली हवा विरळ असते. समजा पठारावरची एक धावपट्टी आहे, समुद्रसपाटीपासून ६०० मीटर. मे महिना, दुपार, ४० अंश. डेन्सिटी अल्टिट्यूडचा हिशोब मांडला तर विमानाला मिळणारी हवा साधारण १६७० मीटरवरची. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. म्हणजे तुम्ही धावपट्टीवर उभे आहात, पण विमानाच्या लेखी कळसूबाईच्या माथ्यावरून टेकऑफ करताय.

समुद्रसपाटीवर, १५ अंशाला १७२एसला पन्नास फुटांचा अडथळा पार करेपर्यंत जवळपास ५०० मीटर लागतात. तोच ब्रिटिश ठोकताळा लावला (दर १००० फुटांना १० टक्के, दर १० अंशांना १० टक्के), तर हे ७६० च्या वर जातात. वर १० टक्के जादा वजन घ्या, ९०० ओलांडले. ठाण्याच्या मुलांना हे पटायला वेळ लागतो, कारण आपण खाडीकाठची माणसं. उंची म्हणजे येऊरची टेकडी.

"आमच्याकडे सगळे असंच उडवतात, काही होत नाही." यावर काय म्हणाल?

खरं आहे, काही होत नाही. हीच या विषयातली सगळ्यात वाईट गोष्ट. लांब धावपट्टी, थंड सकाळ, समोरून वारा आणि इंजिन ठणठणीत असेल तर जादा भरलेलं विमानही उडतं. दहादा उडतं. दर वेळी उडणाऱ्याला वाटतं की हँडबुकवाल्यांनी उगाच हात राखून लिहिलंय. अकराव्या वेळी वारा मागून असतो.

राखून ठेवलेलं ते अंतर आणि तो वेग तुमच्या चुकीसाठी असतो, वाऱ्यासाठी असतो, एखादा सिलिंडर नीट फायर न झाल्याच्या दिवसासाठी असतो. बॅगेसाठी नसतो.

तोल म्हणजे नक्की काय? वजन मर्यादेत असलं की झालं ना?

नाही झालं. चेंदणी कोळीवाड्यातला कुठलाही तांडेल हे माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. होडीत माणसं किती यापेक्षा ती कुठे बसलीत यावर त्याची नजर जास्त असते.

विमानाचं सगळं वजन ज्या एका बिंदूवर तोललं जातं तो गुरुत्वमध्य, आमच्या भाषेत सीजी. तो काढायचा कसा? प्रत्येक वस्तूचं वजन गुणिले ठरलेल्या रेषेपासूनचं तिचं अंतर. त्या रेषेला डेटम म्हणतात, अंतराला आर्म, गुणाकाराला मोमेंट. सगळ्या मोमेंटची बेरीज भागिले एकूण वजन. सातवीच्या गणिताच्या पलीकडे यात काही नाही.

१७२एसमध्ये पुढच्या सीटा ९४ सेंटिमीटरवर, मागच्या १८५ वर, पहिला सामानाचा कप्पा २४१ वर, इंधन १२२ वर. कमाल वजनाला सीजी १०४ ते १२० च्या मध्ये असला पाहिजे. म्हणजे साऱ्या विमानाचा तोल सोळा सेंटिमीटरमध्ये सांभाळायचा. हाताची वीत उघडून बघा, तिच्यापेक्षा कमी जागा आहे.

आता ही गंमत बघा. रिकामं विमान ७६२ किलो, त्याचा सीजी १०० वर धरू. पुढे पन्नास-पन्नास किलोचे दोघे. मागे पंच्याण्णवचे दोघे. सामान ५४ किलो, कप्प्याच्या मर्यादेइतकं. इंधन ५१ किलो. बेरीज ११५७. वजन अगदी काठोकाठ बरोबर. सीजी येतो १२१. मागच्या मर्यादेबाहेर!

तीच चार माणसं, तेच सामान, तेवढंच इंधन. फक्त जाड्यांना पुढे आणि बारक्यांना मागे बसवा. सीजी ११४. एक ग्रॅमही कमी न करता सात सेंटिमीटर पुढे आला.

हे उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. मी शिकत होते तेव्हा पन्नास किलोची होते आणि माझे इन्स्ट्रक्टर माझ्याहून काटकुळे. एका मे महिन्यात फ्लाइंग स्कूलचे दोन पाहुणे मागे बसले, दोघेही चांगले धिप्पाड, आणि त्यांच्या बॅगांबरोबर आंब्याच्या पेट्या मागे चढल्या. लोडशीट (वजन-तोलाचा हिशोब मांडायचा कागद) कोणीतरी आधीच भरून ठेवलं होतं आणि त्यावर चौघांचं वजन एकच होतं, सत्तर. टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवत नेताना) नोजव्हील, म्हणजे पुढचं चाक, नीट धरत नव्हतं, ते मला जाणवलं, पण बोलायची माझी हिंमत झाली नाही. धावपट्टीवर मी ओढायच्या आधी नाक वर आलं. सर नुसते "पुश, पुश" म्हणत होते. पुढची चाळीस मिनिटं मी ट्रिमचं चाक (नाकाचा कल ठेवायला हातावरचा जोर कमी करणारं) पुढे फिरवत राहिले आणि विमान बोटाएवढ्या दाबाने वर-खाली होत राहिलं. आम्ही नीट उतरलो. पाहुण्यांनी मला एक डझन आंबे दिले. हिशोब मी त्या रात्री हॉस्टेलवर मांडला आणि मग झोप लागली नाही.

शेपूट जड असणं वाईट की नाक जड असणं?

दोन्ही वाईट, पण मला निवडायला लावलंत तर मी नाक जड घेईन.

नाक जड असेल तर विमान हट्टी होतं. टेकऑफला नाक उठत नाही, धावपट्टी खात सुटतं. शेपटीला जास्त जोराने खाली दाबावं लागतं, ते दाबणंही पंखाला वजनासारखंच उचलावं लागतं, म्हणून स्टॉलचा वेग वाढतो. लँडिंगला शेवटच्या क्षणी नाक उचलायला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा हलता भाग) पुरत नाही, नोजव्हील आधी आपटतं, कधी प्रोपेलरसकट. नाकापेक्षा मोती जड, अगदी शब्दशः. पण याची चाहूल बहुधा जमिनीवरच लागते.

शेपूट जड असलेलं विमान सुरुवातीला लाडात येतं. हलकं वाटतं, चटकन उठतं, शेपटीवरचा भार कमी म्हणून दोन नॉट वेगही जास्त देतं. काही जुने लोक मुद्दाम सामान मागे ठेवतात ते यासाठीच. मर्यादेच्या आत तोवर ठीक. बाहेर गेलं की विमानाला स्वतःहून सरळ व्हायची सवय राहत नाही. आणि स्टॉल झाला तर सुटकेसाठी नाक खाली जायला हवं, ते जात नाही. स्पिनमध्ये (स्टॉल होऊन गरगरत खाली येण्यात) गेलं तर ती चपटी होऊ शकते, मग हँडबुकातली सुटकेची पद्धत चालेलच असं नाही. १७२एसमध्ये स्पिनचा सराव करायचा तर विमान युटिलिटी वर्गाच्या मर्यादेत असावं लागतं: ९९८ किलोपर्यंत, मागच्या सीटा रिकाम्या, सामान शून्य. ते याचसाठी.

उडता उडता इंधन जळतंच. मग जादा वजन आपोआप कमी होईल ना?

होईल, तासाभराने. धोका पहिल्या दोन मिनिटांत आहे.

शिवाय इंधन जळताना सीजी हलतो. १७२ मध्ये टाक्या सीजीच्या आसपासच असल्यामुळे फारसा नाही. पण जुन्या बीचक्राफ्ट बोनान्झामध्ये टाक्या सीजीच्या पुढे आहेत, इंधन जळेल तसा सीजी मागे सरकतो. टेकऑफला मर्यादेत असलेलं विमान लँडिंगपर्यंत बाहेर जाऊ शकतं. म्हणून हिशोब दोनदा: निघतानाचा आणि पोचतानाचा.

असे अपघात खरंच झालेत का, की परीक्षेपुरतं शिकवता?

मी वर्गात चार सांगते.

११ एप्रिल १९९६, अमेरिकेतलं शायेन. सात वर्षांच्या मुलीला घेऊन देश ओलांडायच्या विक्रमाची मोहीम, विमान सेसना १७७बी. विमानतळच जवळपास १८८० मीटर उंचीवर, त्यात वादळ जवळ आलेलं. चौकशीत निघालं की विमान ९६ पौंड, म्हणजे सुमारे ४४ किलो जादा होतं. टेकऑफनंतर स्टॉल झाला, तिघेही गेले. त्या ४४ किलोंनी एकट्यांनी विमान पाडलं नाही. उंची, वादळ, घाई आणि वजन यांनी मिळून पाडलं. मी जास्तीत जास्त वेळ याच अपघातावर घालवते, कारण ४४ किलो हा आकडा कुणालाही आपला वाटतो.

२५ ऑगस्ट २००१, बहामा. गायिका आलिया आणि तिची मंडळी चित्रीकरण आटोपून निघाली होती, विमान सेसना ४०२बी. सुमारे ७०० पौंड, ३२० किलो जादा, आणि सीजी मागच्या मर्यादेबाहेर. टेकऑफनंतर लगेच कोसळलं, नऊच्या नऊ जण गेले. वैमानिकाच्या शरीरात मद्य आणि कोकेनचे अंशही सापडले. पण एवढं जादा भरलेलं, तोल गेलेलं विमान शुद्धीवरच्या माणसालाही सांभाळणं कठीण होतं.

८ जानेवारी २००३, शार्लट. हे थोडं मोठं, १९ प्रवाशांचं बीच १९००डी. २१ जण गेले. देखभालीत एलिव्हेटरची केबल चुकीची बसवली गेली होती, त्यामुळे नाक खाली करायला पुरेसा एलिव्हेटर उरलेला नव्हता, आणि वर सीजी मागे. लोडशीट मात्र नियमाप्रमाणे बरोबर होतं! प्रवाशांचं सरासरी वजन धरलं होतं आणि खरी माणसं त्यापेक्षा जड होती. त्यानंतर अमेरिकेत ती सरासरी वाढवली गेली.

चौथा २५ ऑगस्ट २०१० चा, काँगोतल्या बांदुंदूचा. एल-४१० विमान, २० मृत्यू, वाचला एकच. त्याच्या सांगण्याप्रमाणे कुणीतरी बॅगेत लपवून आणलेली मगर सुटली आणि घाबरून सगळे एकदम पुढे पळाले, तोल गेला. वर्गात याच्यावर हशा पिकतो. मी पिकू देते, मग विचारते: सामान बांधलं नसेल आणि तुम्ही नाक वर घेतलंत, तर साठ किलोची बॅग कुठे पळेल?

रिकाम्या विमानाचं वजन कुठून घ्यायचं? पुस्तकातलं चालेल?

नाही. त्या विमानाच्या वेट शेड्यूलमधलं घ्यायचं. विमान काट्यांवर ठेवून मोजलेलं असतं. नवा रेडिओ बसवला, पुन्हा रंग दिला, सीट बदलल्या की आकडा बदलतो. एकाच मॉडेलची शेजारी उभी असलेली दोन विमानं वीस-तीस किलोंनी वेगळी असू शकतात.

उलव्याला नवं विमानतळ झालं. तिथल्या मोठ्या विमानांत आपल्याला कुठे कोण काट्यावर उभं करतं?

शंभर-दीडशे माणसांत जाडा-बारीक एकमेकांना भरून काढतो, म्हणून सरासरी चालते. चार माणसांत सरासरीला अर्थ नसतो.

प्रवाशाला वजन कसं विचारायचं? विशेषतः काकूंना.

विचारायचं नाही, काट्यावर उभं करायचं. बॅग, पर्स, चप्पल, डबा सगळं हातात घेऊन. आधी स्वतः उभं राहायचं आणि आपला आकडा मोठ्याने वाचायचा, मग कुणी लाजत नाही. आमच्या दाराशी काटा आहे तो यासाठीच. एका मुलाने महिनाभर लोडशीटवर ७० लिहिलं. काट्याने ८३ सांगितलं. तेरा किलो त्याच्या मनात हलके होते.

अ‍ॅपवर हिशोब केला तर?

करा. पण आधी दहा वेळा हाताने करा, म्हणजे अ‍ॅपने पौंडात मागितलेलं तुम्ही किलोत टाकलंत तर उत्तर बघून तुम्हालाच खटकेल.

पालकांसाठी: मुलगी फ्लाइंगला चालली आहे. आम्हाला यातलं काही कळत नाही. आम्ही काय विचारावं?

स्कूल बघायला जाल तेव्हा हँगरमध्ये वजनकाटा कुठे आहे ते विचारा. नुसतं तेवढंच. "तो काय तिकडे" असं बोट दाखवलं तर बरं. "काय आहे, आमच्याकडे सगळ्यांना अंदाज आहे" असं उत्तर आलं, तर चहा घ्या आणि दुसरी स्कूल बघा. दुसरं, मुलीला आधीच सांगून ठेवा की "सर, आज मी येत नाही" म्हणायला पैसे पडले तरी घरी कुणी रागावणार नाही. मला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

हिशोब केला, २५ किलो जास्त निघाले. आता काय काढायचं?

आधी सामान. मग माणूस. इंधन शेवटी, आणि तेही वाटेत पुन्हा भरायची सोय असेल तरच. राखीव इंधनाला हात लावायचा नाही. मुलं नेमकं उलटं करतात, कारण मित्राला उतरवायची लाज वाटते आणि टाकी बोलत नाही. मित्राला सांगा, तू पुढच्या फेरीत. एक फेरी जास्त मारलीत तर तेवढे तास तुमच्याच लॉगबुकात चढणार आहेत.